ठाण्याच्या बाजारातली उत्खननाची हत्यारं: आयर्लंडच्या मठांवर कितपत चालतील?

आयर्लंडमधल्या उत्खननशाळेत प्रवेश मिळाला की सामानाची यादी हातात पडते. ती बहुतेक एकाच वळणाची असते: 4 इंची ट्रॉवेल (म्हणजे माती तासायची थापी), सेफ्टी शूज, पावसाचे कपडे, गुडघ्याखाली घ्यायची गादी, हातमोजे, टेप. कुदळी, फावडी, चाकाच्या गाड्या, चाळण्या तिथे असतातच. ठाणे स्टेशनच्या आसपासची हार्डवेअरची दुकानं आणि वागळे इस्टेटमधले जाळीवाले, फॅब्रिकेशनवाले पालथे घातले तर यादीतलं जवळजवळ सगळं मिळतं, आणि बराचसा माल चांगला असतो. अपवाद थापीचा. गवंडीकामाची थापी घेऊन आयर्लंडला जाऊ नका. बाकी सगळीकडे काटकसर चालेल, या एका हत्यारावर मात्र पैसे खर्च करा. म्हणूनच या परीक्षणात थापीला जागा जास्त दिली आहे.

याचं कारण तिथल्या मातीत आहे. आयर्लंडचे सुरुवातीचे ख्रिस्ती मठ म्हटले की डोळ्यांसमोर स्केलिग मायकल येतं: समुद्रातून वर आलेला सुळका आणि त्यावर चुना न वापरता रचलेल्या दगडी, घुमटाकार कोठड्या. 1996 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, फोटोही त्याचेच जास्त फिरतात. पण ते चित्र पश्चिमेकडच्या उघड्या बेटांचं आहे. तिथे झाडं कमी, दगड मुबलक. इतरत्र सहाव्या ते नवव्या शतकातला मठ म्हणजे मुख्यतः लाकूड आणि माती: ओकच्या लाकडाचं चर्च, कुडाच्या भिंतींची गोल घरं, भोवती खंदक आणि बांध. दगडी चर्च मोठ्या संख्येने दिसायला लागतात ती दहाव्या शतकापासून, आणि मठांतले उंच गोल मनोरेही दहाव्या ते बाराव्या शतकातले. केरी परगण्यात व्हॅलेंशियाजवळच्या चर्च आयलंडवर एम. जे. ओ'केली यांनी 1955-56 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा दगडी प्रार्थनागृहाखाली आधीच्या लाकडी वास्तूचे खांबाचे खळगे मिळाले. लाकूड केव्हाच कुजून गेलेलं. उरला होता तो फक्त मातीच्या रंगातला आणि पोतातला फरक.

ठाण्याच्या वाचकाला हे कान्हेरीवरून चटकन समजेल. त्याच शतकांत कान्हेरीला भिक्षू राहत होते आणि त्यांच्या कोठडीतल्या कातळाच्या ओट्यावर आजही बसता येतं. आयरिश साधूच्या झोपडीचा पुरावा असतो पिवळट चिकणमातीत उमटलेले काळसर गोल डाग. कुडाच्या खुंट्यांचे डाग जेमतेम 5 ते 10 सेंटिमीटर व्यासाचे, मुख्य खांबांचे त्याहून मोठे. हे डाग दिसतात ते फक्त स्वच्छ, सपाट तासलेल्या मातीत. माती विस्कटली, चोळवटली किंवा तिच्यावर ओरखडे उमटले, तर ते अख्खं घर दिसायचं राहून जातं. म्हणून थापीची धार इतकी महत्त्वाची.

आता बाजारातली थापी. ती सिमेंट उचलायला आणि पसरायला बनवलेली असते, आणि त्या कामाला ती उत्तम. पातं पातळ, 6 ते 8 इंच लांब, दाबलं की लवणारं. मानेचा गज बहुतेक वेळा पात्याला वेल्डिंगने किंवा रिव्हेटने जोडलेला. प्लास्टर करताना पातं लवलं तर फायदाच होतो. माती तासताना तेच लवणं नडतं. पातं मातीवरून ओढलं की थरथरतं आणि बारीक लाटा उमटतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या लाटांच्या सावल्या थराच्या कडेसारख्या दिसतात, आणि नवखा विद्यार्थी नसलेली कड नकाशात उतरवतो. दुसरी अडचण जोडाची. आयर्लंडच्या मध्यभागातली माती बऱ्याच ठिकाणी हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली आहे: चिकणमाती आणि तिच्यात घट्ट बसलेले गोटे. गोट्याच्या कडेला टोक घालून जरा जोर दिला की वेल्डिंग सुटतं, आणि सुटतं ते हमखास मानेपाशी.

दुकानात तपासायची पद्धत सोपी आहे. पात्याचं टोक काउंटरवर टेकवा आणि मूठ खाली दाबा. पातं धनुष्यासारखं वाकलं तर ती थापी प्लास्टरची. मग पातं आणि मान जिथे मिळतात तिथे नीट बघा. वेल्डिंगचा फुगीर टाका किंवा रिव्हेटचं डोकं दिसलं तर ती नको. दुकानदार "हेवी ड्युटी" म्हणून जी थापी पुढे करतात तिचं पातं जाड असतं हे खरं, पण जोड बहुधा तसाच असतो.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या उत्खननांवर डब्ल्यूएचएस या छापाची 4 इंची पॉइंटिंग ट्रॉवेल (टोकदार थापी) जवळजवळ ठरलेली आहे. तिचं पातं, मान आणि मुठीत जाणारं शेपूट एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेलं असतं, म्हणजे सुटायला जोडच नाही. पातं जाड आणि ताठ. चार इंचच का, असं बरेच जण विचारतात. आखूड पात्यात हात धारेच्या जवळ राहतो, दाब नेमका कुठे पडतोय ते कळतं, आणि दोन गोट्यांमधल्या फटीत पातं फिरतं. अमेरिकेत जास्त चालते ती मार्शलटाउन कंपनीची 5 इंची. तीही एकसंध घडवलेली, पातं किंचित पातळ. वाळूच्या किंवा भुसभुशीत थरात, आणि चराच्या भिंती उभ्या तासायला ती फार छान. गोटे असलेल्या चिकणमातीत मात्र आखूड आणि जाड पातंच सरस ठरतं. दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल तर आयर्लंडसाठी डब्ल्यूएचएस. किंमत इथल्या थापीच्या कितीतरी पट पडते, शिवाय पोस्ट आणि कस्टम आलंच. तरी ती वर्षानुवर्षं टिकते. पातं झिजून 3 इंचांवर आलं की ती बारीक कामाला आणखी सोयीची होते.

परदेशातून मागवणं जमत नसेल तर एक कामचलाऊ उपाय आहे, पण तो सरावापुरताच. त्यातल्या त्यात जाड पात्याची, रिव्हेट नसलेली थापी घ्या आणि वागळे इस्टेटमधल्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडून पातं 4 इंचांवर आणून घ्या. ग्राइंडरवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त सलग धरू देऊ नका, मधेमधे पाण्यात बुडवायला सांगा. पात्याच्या कडेला निळसर झाक आली की समजा पोलादाचं पाणी उतरलं. त्या कडेची धार मग तासाभरात बसते आणि कितीही परजली तरी टिकत नाही.

धार लावायला 8 इंची चपटी कानस पुरते, आणि ती इथल्या बाजारात चांगल्या प्रतीची मिळते. पातं शिकंज्यात धरा, वरच्या बाजूने तिरकी कानस फक्त पुढे ढकलताना चालवा, मागे आणताना उचला. खालची बाजू सपाट ठेवा. दोन्ही लांब कडांना धार हवी, टोकाला नको. धार फार पातळ केली तर पहिल्याच गोट्यावर तिला दाते पडतात आणि प्रत्येक दाता मातीवर एक रेघ ओढत जातो. चिकणमातीत दिवसातून एकदा, गोटे जास्त असतील तर दुपारी पुन्हा एकदा कानस फिरवावी लागते.

तासायची रीतही हत्याराइतकीच महत्त्वाची. न तासलेल्या भागाकडे पाठ करून गुडघ्यांवर बसायचं आणि मागे मागे सरकत जायचं, म्हणजे स्वच्छ केलेल्या भागावर पाय पडत नाही. पात्याची लांब कड मातीला जवळजवळ समांतर ठेवून आपल्याकडे ओढायची आणि एका वेळी 2 ते 5 मिलिमीटर काढायचे. टोकाने उकरलं की खड्डे पडतात आणि त्यांत सैल माती साचते. सुटी माती साचू न देता लगेच सुपलीत ओढून बादलीत टाकायची. इथे आपल्याकडच्या सवयीची एक गोष्ट सोडावी लागते. दख्खनच्या कोरड्या मातीत ब्रश सर्रास चालतो. ओल्या आयरिश चिकणमातीवर ब्रश फिरवला की दोन थरांची माती एकमेकांत चोळली जाते आणि कड पुसून जाते. ब्रश ठेवा तो दगडांच्या फरसबंदीसाठी आणि कोरड्या दिवसांसाठी. त्यामुळे यादीत ब्रश असलाच तर रंगाचा साधा 2 इंची ब्रश पुरे, महागडा संच नको.

माती वाळली की सगळी एकसारखी फिकट दिसते. म्हणून तासणं संपलं की लगेच फोटो आणि नकाशा, आणि उशीर झालाच तर स्प्रेच्या बाटलीने बारीक तुषार. झाडांना पाणी मारायची 1 लिटरची हँडपंपवाली बाटली कुठल्याही नर्सरीत मिळते. तिचं तोंड धुक्यासारखा फवारा देतं का ते बघा. धार सोडणारी असेल तर ती कड वाहून नेते.

खांबाचा खळगा सापडला की तो अर्धा कापायचा असतो. डागाच्या मधोमध दोरी, एका बाजूची भरावमाती काढायची, उभा छेद साफ करून त्याचं चित्र आणि फोटो घ्यायचा, मगच दुसरी बाजू. 8 सेंटिमीटरच्या खळग्यात 4 इंची थापी शिरत नाही, त्याला लस्सीचा लांब दांड्याचा स्टीलचा चमचा लागतो. भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि तो उत्तम काम करतो; असे दोन घ्या. चूक होते ती खळगा मूळ मापापेक्षा मोठा खणण्याची. गांडुळं आणि मुळं भरावाची माती बाजूच्या मातीत मिसळवतात, कड धूसर होते, आणि हात पुढे पुढे जात राहतो. रंगावर विसंबता येत नसेल तेव्हा पात्याखालचा स्पर्श बघावा: भराव मऊ आणि सुटा, मूळ माती घट्ट आणि पात्याला चिकटणारी. मुळाचं भोक आणि खुंटीचा खळगा यांतही घोटाळा होतो. खुंटी तासून ठोकलेली असते, म्हणून तिचा खळगा सरळ उतरतो आणि खाली निमुळता होतो. मूळ वळतं, फाटे फोडतं.

याचा सराव इथेच करता येतो. त्यासाठी कुठल्याही जुन्या जागेवर खणायची गरज नाही, आणि परवान्याशिवाय तसं करूही नये. 1 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 25 सेंटिमीटर खोल असं खोकं घ्या. तीन भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग शाडू माती ओलसर कालवून 15 सेंटिमीटरपर्यंत धुमसून बसवा. गणपतीच्या आधी शाडूच्या गोण्या ठाण्यात सहज मिळतात. हे मिश्रण गोटेवाल्या चिकणमातीच्या बरंच जवळ जातं. थोडी खडी टाकली तर आणखी जवळ. तासलेल्या काठ्यांनी 5-6 सेंटिमीटरचे सात-आठ खळगे एका वळणात पाडा, त्यांत बागेची काळी माती आणि कोळशाची भुकटी भरा, वर 5 सेंटिमीटर जाडीचा मिश्र थर द्या आणि दोन दिवस मुरू द्या. खळगे कुणी दुसऱ्याने पाडलेले बरे, म्हणजे तासणाऱ्याला जागा ठाऊक नसते. बाजारातली थापी आणि एकसंध थापी यांतला फरक या खोक्यात पहिल्याच हातात कळतो.

मोजमापाच्या साहित्यात ठाण्याचा बाजार पूर्ण गुण मिळवतो, पण घेताना चार गोष्टी बघाव्या लागतात. 5 मीटरचा स्टील टेप घ्या. टोकाचा धातूचा हुक किंचित सैल असतो तो मुद्दाम. त्याच्या जाडीइतकी ती जागा सोडलेली असते, म्हणून ठोकून घट्ट करू नका. लांब टेप घ्यायचा तर 30 मीटरचा फायबरग्लासचा घ्या, कापडी नको. त्याचा शून्य कडीच्या टोकाला आहे की कडी सोडून पुढे, ते दुकानातच पाहून घ्या. एका चमूत दोन प्रकारचे टेप आले की नकाशे पाच-सात सेंटिमीटरने सरकतात आणि चूक कुठे झाली ते शोधता शोधता दिवस जातो. इथल्या टेपांवर एका कडेला इंच असतात. आयर्लंडमध्ये सगळं मीटरमध्ये, तेव्हा इंचांची बाजू हाताखाली येणार नाही अशी सवय लावा.

दोरीवर अडकवायची छोटी पाणसळ स्वस्तात मिळते आणि अनेकदा चुकीची निघते. दोरी ताणून मधोमध ती अडकवा, बुडबुडा बघा, मग पाणसळ उलटी फिरवून तिथेच अडकवा. बुडबुडा दुसऱ्या बाजूला सरकला तर ती पाणसळ परत करा. अर्ध्या अंशाची चूक 3 मीटरवर अडीच सेंटिमीटर होते, आणि छेदाचं चित्र 1:10 वर काढताना ती स्पष्ट दिसते. पाणसळ नेहमी दोरीच्या मधोमधच, कारण दोरीला झोळ असतो. 3 मीटरपेक्षा लांब छेद असेल तर मधे आणखी एक खिळा.

ओळंब्याबाबत फसगत होते. गवंड्याचा ओळंबा भिंत सरळ आहे का ते बघायला असतो; त्याचा गोळा खालून बोथट आणि सोबत गुटका. नकाशा काढताना टेपवरचा बिंदू जमिनीवर उतरवायचा असतो, त्याला टोकदार ओळंबा लागतो. मोजणीच्या उपकरणांच्या दुकानात पितळी मिळतो. 200 ते 250 ग्रॅमचा पुरे. त्याहून हलका आयर्लंडच्या वाऱ्यात थांबत नाही.

सुतळी नको. ती भिजली की आखडते, वाळली की सैल पडते, आणि तिथे दिवसातून दोन-तीन वेळा दोन्ही होतं. गवंड्यांची पिळाची नायलॉनची लाईनदोरी घ्या, शक्यतो भगवी किंवा पोपटी, कारण राखाडी उजेडात पांढरी दिसत नाही. 6 इंची खिळे ढीगभर मिळतात, जाड अंगाचे घ्या, बारीक खिळा गोट्यावर वाकतो. खळग्याच्या किंवा थडग्याच्या भरावात खिळा कधीही ठोकायचा नाही.

नकाशे 1:20 वर आणि छेद 1:10 वर काढायची तिथली रूढ पद्धत आहे. कागदाऐवजी दोन्ही बाजूंनी मॅट असलेली पॉलिएस्टर ड्राफ्टिंग फिल्म लागते. ट्रेसिंग पेपर दमट हवेत सुरकुततो आणि माप बदलतं. आर्किटेक्टचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानांत फिल्म मीटरवर मिळते. पेन्सिली 4एच आणि 6एच. एचबी फिल्मवर फासते. खाली ठेवायचा ग्राफ मिलिमीटरचाच आहे ना ते पट्टी लावून बघा.

चाळणी विमानातून न्यायची नाही, पण ठाण्यात गट करून सराव करणारे जाळी विकत घेतात, आणि तिथे ठरलेला गोंधळ होतो. जाळीवाला नंबर विचारतो. तो नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं, मिलिमीटर नव्हे. 5 नंबरच्या जाळीत 25.4 भागिले 5, म्हणजे 5.08 मिलिमीटर, त्यातून 1 मिलिमीटरची तार वजा केली की भोक 4.08 मिलिमीटरचं. 5 मिलिमीटरचं भोक हवं असेल तर 4 नंबरची, सुमारे 1.3 मिलिमीटर तारेची जाळी मागा. बारीक जाळीत तर तारेची जाडी भोकाइतकीच होऊ शकते, म्हणून तिथे नंबर सोडून द्या आणि भोकाचं माप मायक्रॉनमध्ये लिहून घ्या.

बारीक जाळी लागते ती माती पाण्यात घालून जळके दाणे तरंगवून काढायला. आयर्लंडमध्ये हे काम टाळून चालत नाही. नालासोपाऱ्यासारख्या जागी खापरं घमेल्यांनी निघतात आणि थराचा काळ त्यावरून ठरतो. त्या काळातल्या आयर्लंडमध्ये, ईशान्येकडचा भाग सोडला, तर मातीची भांडी जवळजवळ वापरातच नव्हती. सहाव्या-सातव्या शतकात फ्रान्सच्या पश्चिमेकडून आलेल्या भांड्यांचे तुकडे मिळतात, पण मोजकेच. मग काळ ठरवायचा तो सेंद्रिय अवशेषांतल्या कार्बन-14 वर, आणि त्याला हवं अल्पायुषी साहित्य: जळलेलं जव, ओट, हेझलनटची टरफलं. ओकच्या गाभ्याचा कोळसा घेतला तर झाड तोडण्याच्या कितीतरी आधीचं वय मिळतं.

नमुना 40 लिटरचा, म्हणजे 10 लिटरच्या 4 बादल्या. खळगा लहान असेल तर त्यातली सगळी माती. चिकणमाती आधी भिजत घालावी, ढेकळं हाताने चिरडू नयेत. तरंगणारा भाग 250 ते 300 मायक्रॉनच्या जाळीवर, तळाशी बसणारा 1 मिलिमीटरच्या जाळीत. टाकीसाठी 200 लिटरचं पिंप लागतं. तुर्भ्याच्या बाजूला जुनी पिंपं स्वस्तात मिळतात, पण तेलाचं किंवा रसायनाचं पिंप घेऊ नका. आतला तेलकट थर कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही आणि त्यातला कार्बन नमुन्यात मिसळून तारीख बिघडवतो. पाण्याचं नवं प्लास्टिक पिंप घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

पाणथळ जागा मिळाली तर चित्रच बदलतं. स्ट्रँगफर्ड लॉख या समुद्राच्या खाडीतल्या एका बेटावर नेंड्रमचा मठ आहे, उत्तर आयर्लंडमध्ये. तिथल्या भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीची लाकडं चिखलात टिकली, आणि वृक्षवलयांवरून तिचा काळ 619 सालापर्यंत मागे गेला. क्लोनमॅकनॉइजच्या मठाशेजारी शॅनन नदीच्या तळाशी मिळालेल्या लाकडी पुलाची झाडं 804 साली तोडलेली. असं लाकूड वर्षानुवर्षं पाण्याने फुगलेलं असतं. नखानेही ओरखडा पडतो. पोलादी थापी तिथे बाजूला ठेवायची. बुरुडाकडून बांबूच्या 15 ते 20 सेंटिमीटरच्या पट्ट्या तासून घ्या, एक टोक चपटं, एक निमुळतं, कडा काचपेपरने घासून गुळगुळीत. डझनभर पट्ट्या अगदी थोडक्या पैशांत होतात आणि हाडांभोवतीची माती काढायलाही याच चालतात. या संचातली हीच एक वस्तू तिथल्या मित्रांना भेट द्यावी अशी आहे. लाकूड उघडं पडल्यापासून उचलेपर्यंत सतत ओलं ठेवावं लागतं. अर्धा तास ऊन लागलं तरी ते तडकायला लागतं.

धातूचं उलट. लोखंडी सुरी किंवा ब्राँझची कडीवाली टाचणी मिळाली तर ती धुवायची नाही, माती खरवडायची नाही. कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायची. रंग बदलणारं जेल इथे किलोवर मिळतं. निळ्यापेक्षा नारिंगी घ्या, कारण निळ्या रंगासाठी वापरलं जाणारं कोबाल्ट क्लोराइड घातक असतं. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये साधारण 110 ते 120 अंशांवर वाळवलं की पुन्हा वापरता येतं.

कपड्यांबाबत थोडक्यात. ठाण्याच्या पावसाळी रेनकोटने भागत नाही. तो सरळ कोसळणाऱ्या पावसासाठी असतो. तिथला पाऊस बारीक, वाऱ्यासोबत आडवा, आणि उन्हाळ्यातही दिवसाचं तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास. जॅकेट आणि पॅन्ट असे दोन वेगळे भाग, मनगटाशी आवळणारे, शिवणी आतून टेप केलेले हवेत. जीन्स नको, भिजली की दिवसभर ओली राहते. सेफ्टी शूज इथले चांगले आहेत, एक माप मोठे घ्या म्हणजे जाड मोजे मावतात, आणि जायच्या आधी ते महिनाभर रोज वापरा. सुती हातमोजे तिथे निरुपयोगी. नायट्राइलचा लेप असलेले घ्या. गुडघ्यांखाली 3 सेंटिमीटर जाडीचा ईव्हीए फोम, 40 बाय 25 चा तुकडा कापून.

मेटल डिटेक्टर सामानात चुकूनही टाकू नका. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला तो वापरणं गुन्हा आहे. उत्खननाला सरकारी परवाना लागतो. त्याच्या क्रमांकात आधी सालाचे 2 आकडे, मग ई हे अक्षर आणि मग अनुक्रमांक. तो प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक नकाशावर लिहायचा, म्हणून न पुसणारा मार्कर दोन-तीन घ्या. सापडलेली वस्तू सरकारची. आठवण म्हणून खडासुद्धा उचलू नये, आणि हे फक्त नियम म्हणून नाही. केरीतल्या इलॉनलॉखन या चिमुकल्या बेटावरच्या मठात समाधीपाशी पांढऱ्या गारगोट्या मुद्दाम ठेवलेल्या मिळाल्या. आपल्याला साधा वाटणारा खडा तिथे कुणाच्या तरी अंत्यविधीचा भाग असतो. मातीतली प्रत्येक गारगोटी मोजावी लागते.

सरावात वापरलेली हत्यारं नेणार असाल तर थापी, खिळे आणि बुटांचे तळवे ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच बॅगेत भरा. युरोपीय संघाबाहेरची माती तिथे नेता येत नाही, आणि बुटाच्या खाचेतली मातीही मातीच. थापी, चमचे, खिळे, ओळंबा चेक-इनच्या बॅगेत. केबिनच्या सामानात ते अडवले जातात. पात्यावर तेलाचं बोट फिरवून ते जाड पुठ्ठ्यात गुंडाळा. डब्ल्यूएचएसची थापी मागवायची असेल तर व्हिसाच्या अर्जाबरोबरच ऑर्डर टाका. वेळेत आली नाही तर इथली थापी नेऊ नका. आयर्लंडमधल्या बांधकाम साहित्याच्या दुकानात 4 इंची पॉइंटिंग ट्रॉवेल मागा आणि पैसे देण्याआधी मानेचा जोड बघा.